कच्चा निळा

माझ्या आईचे केस पांढरेशुभ्र होते, चेहरा काळाकुट्ट आणि कपाळावरचं कुंकूसुद्धा पांढरं. सात-आठ वर्षांची होईपर्यंत मी तिला अशीच ओळखत होते. मेल्यावर माणूस असं होत असेल, अशी माझी समजूत होती. कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं असतं तर तो कागद माझ्या हातून गेला असता.

तो कागद म्हणजे मिनिट कॅमेऱ्याची निगेटिव्ह. हल्लीच्या मुलांना मिनिट कॅमेरा माहीत नाही, म्हणून सांगते. तीन पायांवर ठेवलेलं लाकडी खोकं, मागच्या बाजूला काळ्या कापडाची बाही आणि शेजारी पाण्याची बादली, एवढाच त्याचा संसार. नागपुरात कचेरीसमोर, मिलच्या फाटकाबाहेर असे फोटोवाले उभे असत. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की फोटोवाला आधी कागदावरच त्याचं उलटं चित्र घ्यायचा, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. बाहीतून हात घालून ते खोक्यातच धुवायचा. मग ते ओलं चित्र भिंगासमोरच्या पट्टीवर लावून त्याचाच पुन्हा फोटो काढायचा. उलट्याचं उलटं म्हणजे सुलटं. नाव मिनिटाचं असलं तरी चांगली पंधरा मिनिटं मोडत. सुलटा फोटो गिऱ्हाईक घेऊन जाई आणि उलटा बादलीत पडून राही.

आई मिलमध्ये रीळ भरायच्या खात्यात लागली तेव्हा तिला गेटपाससाठी फोटो हवा होता. बाबा तिला घेऊन गेले. सुलटा फोटो पासावर चिकटला. निघताना आईनं बादलीत वाकून पाहिलं आणि फोटोवाल्याला म्हणाली, "थे फेकू नका भाऊ. त्याच्यात मी आहो ना." तो हसला आणि त्यानं तो कागद झटकून तिच्या हातात दिला. पुढं दोन वर्षांत ती तापानं गेली. मी तेव्हा दीड वर्षाची. पास मिलमध्ये परत करावा लागला आणि त्याच्यासोबत सुलटी आईही गेली. उलटी तेवढी घरी राहिली, तिच्याच पेटीत, तिच्याच लुगड्याच्या घडीत.

बाबा तो कागद बघत नसत. मी काढून बसले की म्हणत, "ठेव वं तिकडं. तशी नव्हती थे."

"मंग कशी होती?"

"होती आपली. माणसासारखी."

एवढ्यावर त्यांची गाडी थांबायची. खाप्याला मावशीकडे जायचे तेव्हा तिला विचारायचे. ती म्हणायची, सावळी होती, हसरी होती, नाक बारीक होतं. या वर्णनात कन्हानच्या दोन्ही काठांवरच्या निम्म्या बायका बसल्या असत्या. गल्लीतल्या बाया म्हणत, पोरगी अगदी आईवर गेली. मग मी आरशासमोर उभी राहून स्वतःच्या चेहऱ्यातून बाबांचा भाग वजा करायचा प्रयत्न करायचे. ते गणित काही सुटलं नाही. मला माझ्या आईचा चेहरा बघायचा होता, बस. लहानपणापासून दुसरं काही मी एवढं मागितलेलं मला आठवत नाही.

आमचं घर विणकराचं. इतवारीच्या पलीकडच्या वस्तीत दोन खोल्या, पुढच्या खोलीत माग. बाबा लुगडी विणत आणि काठाचं सूत घरीच रंगवत. आमच्या घरात रंगाच्या दोनच जाती होत्या, कच्चा आणि पक्का. रंगवलेल्या सुताची एक लडी धुण्याच्या सोड्यात उकळून बघायची. पाण्यात रंग उतरला तर तो सारा घाणा बाद. सोड्यात न उकळता कोणताही रंग आमच्या घरातून बाहेर पडत नसे. शाळेत मला चित्रकलेचं बक्षीस मिळालं, त्याला लाल फीत होती. बाबांनी कौतुकानं बक्षीस हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि संध्याकाळपर्यंत फीत पांढरी झाली. "कच्चा होता," ते म्हणाले. मी दोन दिवस जेवले नाही. त्या फितीवरून मी शहाणं व्हायला हवं होतं.

शाळा संपवून मी ट्रेसिंगचं काम शिकले आणि साठच्या दशकाच्या मध्यावर एका सरकारी कचेरीत ट्रेसर म्हणून लागले. इंजिनियर लोक पेन्सिलीनं नकाशे काढायचे, आम्ही ते पारदर्शक कापडावर शाईनं गिरवायचो. धरणं, कालवे, पाट, पूल. आम्हा चार बायकांच्या टेबलांना काचेचा पृष्ठभाग होता आणि काचेखाली दिवा. माझी रेघ चांगली होती. पण गिरवणाऱ्याच्या हाताला खाली कुणाची तरी रेघ लागते, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

तोवर मी आईचा कागद घेऊन दोन फोटोवाल्यांकडे जाऊन आले होते. मिनिट कॅमेऱ्याच्या एका म्हाताऱ्यानं पट्टीवर लावून पाहिलं आणि राखाडी ढग उमटलेला कागद माझ्या हातात दिला. सीताबर्डीच्या स्टुडिओवाल्यानं तर खोक्यातही घातलं नाही. "यह तो पीला पड गया बाई. इसमें अब कुछ नहीं है," म्हणाला. मी त्याच्याशी भांडले. भांडून काय होणार होतं, कागद खरोखरच पिवळा पडला होता आणि वरून बघताना मलाही आता चेहऱ्याच्या जागी नुसता तपकिरी डाग दिसत होता.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, बाकीच्या तिघी डबे घेऊन बाहेर गेल्या होत्या, तेव्हा मी तो कागद सहज काचेच्या टेबलावर ठेवला. खालचा दिवा चालू होता. आणि ती दिसली. वरून जे विरलं होतं ते कागदाच्या आत अजून शाबूत होतं. भांग, कानातली कुडी, पदराची किनार, सगळं. उलटंच, पण सगळं. मी डबा तसाच घरी परत नेला.

आमच्या कचेरीत नकाशांच्या प्रती अजून उन्हात काढत. ते काम करणाऱ्या माणसाला सगळे ब्ल्यूप्रिंटवाले काका म्हणत. त्यांच्या दहाही नखांच्या कडा कायम निळ्या असत. हिरवट आणि शेंदरी अशी दोन औषधं पाण्यात विरघळवून ते अंधाऱ्या खोलीत कागदाला पुसायचे. त्यावर आमचं ट्रेसिंग ठेवून, काचेच्या चौकटीत दाबून, अंगणात उन्हात धरायचे आणि मग नुसत्या पाण्यानं धुवायचे. ऊन लागलं तिथं निळं, नाही लागलं तिथं पांढरं. मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी तो आभाळाकडे धरून बराच वेळ पाहिला.

"कोन होय?"

"आई."

"ऊन आरपार जात नाई याच्यातून. जवसाचं तेल लाव दोनी बाजूनं, मंग जाईन," ते म्हणाले. "अन् घाई नोको करू. ऊन आपल्या मनानं काम करते."

औषध उरलं की ते फेकूनच देत. त्यातलं अर्धी बाटली त्यांनी मला काळ्या कागदात गुंडाळून दिलं. जाताना म्हणाले, यात काही जादू नाही, हे लोखंडाचं मीठ आहे. हे वाक्य मी कानाआड केलं.

मे महिना होता. नागपूरच्या मेमधल्या उन्हाबद्दल मी काही सांगत नाही, ज्यांनी खाल्लं त्यांना ठाऊक आहे. आमच्या गल्लीत विणकर सकाळी सुताचे लांब ताणे पसरत, अकरापर्यंत ते उचलले जात आणि मग ती लांबलचक जागा रिकामी पडे. बाबा सूत आणायला गेले होते. मी कागदाऐवजी त्यांनीच विणलेल्या बारीक पांढऱ्या कापडाचा वीतभर तुकडा घेतला, कारण मला त्यांच्या कापडावर आई आणायची होती. त्या वयात माणसाला असल्या गोष्टी सुचतात. कापडाला औषध पाजलं, पेटीमागच्या अंधारात वाळवलं, वर तेल लावलेला कागद ठेवला, देव्हाऱ्यातल्या एका तसबिरीची काच काढून वर दाबली आणि सगळं गल्लीत नेऊन ठेवलं.

कडेचं कापड आधी हिरवं झालं, मग राखाडी. काकांनी तासभर सांगितला होता. मी तास पुरा होऊ दिला, ही त्यातली एकुलती एक शहाणपणाची गोष्ट. मग काच उचलली आणि कागद ओढला. तो निघेना. उन्हानं जवसाचं तेल चिकट झालं होतं आणि कागद कापडाला बसला होता. थंड होऊ द्यायला हवा होता. पण मला आई बघायची होती, वीस वर्षं थांबलेल्या माणसाला पाच मिनिटं थांबवेना. मी ओढला. कागदावरचा पापुद्रा फाटला आणि आईचा चेहरा तुकड्या-तुकड्यांनी माझ्या नखांत आला.

निगेटिव्ह संपली. आता जे काही होतं ते कापडावर होतं.

मी ते घंगाळात बुडवलं. पाणी पिवळं-हिरवं झालं. पापुद्र्याचे उरलेले कण तरंगत वर आले. दुसरं पाणी घेतलं, तिसरं घेतलं. आणि तिसऱ्या पाण्यात माझी आई निळी होऊन वर आली. काळ्या केसांच्या जागी गर्द निळे केस, कपाळावर निळं कुंकू, आणि चेहरा उजळ. ती हसू दाबत होती. ओठ घट्ट मिटलेले आणि गाल किंचित वर आलेले. उलट्या चित्रात ते कधी कळलंच नव्हतं. मला वाटायचं ती रागावली आहे. मी गल्लीत घंगाळाशी बसून ओक्साबोक्शी रडले. शेजारची बाई विचारायला आली तेव्हा तिला म्हटलं, डोळ्यात सोडा गेला.

संध्याकाळी बाबा आले. मी कापड त्यांच्यापुढं धरलं. ते उभ्या-उभ्याच बघत राहिले. मी वाट पाहत होते की ते बसतील, रडतील, काहीतरी सांगतील. त्यांनी कोपऱ्यात पडलेल्या तेलाच्या डागावरून बोट फिरवलं.

"कच्चा हाये का पक्का?" त्यांनी विचारलं.

मला इतका राग आला! "ब्ल्यूप्रिंट होय बाबा. धरणाचे नकाशे याच रंगात राह्यतात."

"नकाशे कोनी धुते का?" ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून परत आले तेव्हा अंगणातल्या दोरीवर सुताच्या लड्यांशेजारी वीतभर कापड वाळत होतं. पिवळसर, कोरं. माझ्या ते ध्यानातही आलं नाही. मी सरळ आत गेले, पेटी उघडली, लुगड्याची घडी उलगडली. कापड तिथं नव्हतं. मग बाहेर आले. बाबा उंबऱ्यावर बसले होते. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला सगळं समजलं.

"रंग कच्चा निघाला वं," ते म्हणाले.

"सोड्यात टाकलं?"

"पाहून राहिलो होतो फकस्त. टाकलं अन् उतरला. पाह्यता-पाह्यता उतरला. बाहेर काढेलोक सारा गेला…"

"एकदा मेलीच होती थे," मी म्हटलं. "आज तुमी मारलं."

हे मी बोलले. बापाला बोलले. त्यांनी वर पाहिलं नाही. "कच्च्या रंगात कशी ठेवू तिले?" एवढंच म्हणाले, तेही मला नाही, उंबऱ्याला. मी ऐकलं आणि ऐकून आत गेले.

त्यानंतर आठवडाभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी भाकरी टाकायचे, ते जेवायचे. कचेरीत माझ्या हातून एका कालव्याची रेघ ओघळली आणि अख्खं कापड वाया गेलं. ब्ल्यूप्रिंटवाल्या काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. सोडा हा निळ्याचा काळ आहे, म्हणाले, हे मला ठाऊक होतं, पण फोटो कोणी सोड्यात उकळेल हे मला सुचणार कसं? त्यांचंही बरोबर होतं. विणकराच्या घराबाहेर हा घोळ कुठं झालाच नसता.

आठव्या दिवशी, रविवार होता, बाबा माझ्या पुढ्यात येऊन बसले. हातात ते कोरं कापड.

"तुयाच्या त्या औषधात लोखंड हाये का?"

"काहून?"

"हाये का नाई, तेवढं सांग."

काकांचं जातानाचं वाक्य आठवलं. "हाये," मी म्हटलं.

त्यांनी कापड दारातल्या उजेडात धरलं आणि पिवळसर भागावर ओलं बोट ठेवलं. "हे पाय. सारखं पिवळं नाई. इथं जास्त, इथं कमी. हा गंज होय. मी दोनदा धुतला, हालत नाई." मग माझ्याकडे बघितलं. "थे गेली नाई पोरी. रंग गेला."

पुड्यांतले रंग बाजारात येण्यापूर्वी, बाबांच्या वडिलांच्या काळी, काळा काठ घरीच करत. गुळाच्या पाण्यात लोखंडाचे तुकडे सडवायचे आणि सुताला हिरड्याचं पाणी द्यायचं. हिरडा आणि लोखंड भेटले की काळं. बाबांनी लहानपणी तो वास घेतला होता, हातानं मात्र कधी केलं नव्हतं. आठ दिवस ते हेच आठवत बसले होते आणि मी समजत होते की ते तोंड लपवतायत.

हिरडे त्यांनी इतवारीतून आणून आधीच भिजत घातले होते. पाणी गाळून घंगाळात ओतलं. माझ्या हातात कापड देऊ लागले तर मी मागे सरले. "तुमीच करा," मी म्हटलं. त्यात थोडा राग होता, पण जास्त भीती होती. त्यांनी कापड दोन्ही हातांनी कडेला धरून अलगद पाण्यावर निजवलं आणि बोटांनी खाली दाबलं.

आधी कुंकू आलं. पिवळ्या कापडावर एक करडा ठिपका, तो बघता-बघता काळा झाला. मग भांगाच्या दोन्ही बाजूंनी केस. मग डोळे, मग मिटलेल्या ओठांची रेघ. कापडाचं कोरेपणही गेलं. हिरड्यानं सगळा चेहरा मातकट, गव्हाळ करून टाकला. मी मनात म्हटलं, बिघडलं. निळ्यात चेहरा किती उजळ होता, आता सगळं मळलं. मी बोलणार होते, पण बाबांकडे लक्ष गेलं. त्यांची मान हलत होती, लहान मुलाची हलते तशी.

"आता आली," ते म्हणाले. "निळी होती तवा कोनाची तरी वाटे. सावळी होती वं थे. हे पाय, हे आपली होय."

"अशीच होती?"

"अशीच."

मी लहानपणापासून विचारत आलेला प्रश्न तिथं संपला. मग त्यांना हसू फुटलं. रडत होते आणि हसतही होते. "ओठ पायले का कसे मिटले? मी फोटोवाल्याच्या मांगं उभा राहून तोंड वाकडं करून राहिलो होतो. तो म्हणे, बाई, हालू नोको. अन् मी वाकडं करो. घरी येऊन बोलली नाई माह्यासंगं, दिवसभर."

म्हणजे ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. मी कापडाकडे पुन्हा पाहिलं. तिची नजर जराशी बाजूला, वर, ज्या जागी माझा बाप उभा होता तिथं होती. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती माझ्याकडे बघते आहे. खरं सांगते, क्षणभर मला बाबांचा हेवा वाटला.

कापड सावलीत वाळलं. संध्याकाळी बाबांनी त्याचा कोपरा पुन्हा सोड्यात बुडवला. मी वाकून पाहिलं. उतरलं नाही. पक्का.

"पन एक हाये," ते घडी घालताना म्हणाले. "हा काळा कापड खाते. जुन्या लुगड्याचे काठ पायले ना तू, काळी रेघ आधी झडते. वीस वर्षं म्हन."

"मंग?"

"मंग काय? मी थोडाच राह्यतो वीस वर्षं. अन् तोवर तुले पाठ होईन."

त्यानंतर मला उन्हाचा नादच लागला. लग्नाचं विचाराल तर झालं नाही, त्याची हकीकत वेगळी आहे आणि कंटाळवाणी आहे. रविवारी मी काचेखाली काय-काय ठेवलं नाही! पळसाची फुलं आणून त्यांचा रस कागदाला पुसला आणि त्यावर चिंचेचा पाला ठेवून आठ-आठ दिवस उन्हात धरला. पाल्याची आकृती केशरी उमटायची आणि पुढच्या आठ दिवसांत बघता-बघता विरायची. हळदीचं तर दोन दिवसांत आटपायचं. मला ते आवडायला लागलं होतं. बाबा कागद हातात घेऊन म्हणायचे, "लय सुंदर हाये. कच्चं हाये." एका शाळेच्या हॉलमध्ये मी हे कागद लावले तेव्हा ते पांढरा सदरा घालून आले, आणि एक गृहस्थ कौतुक करत असताना त्यांना बाजूला घेऊन कोणता रंग किती दिवसांत उडेल ते सांगू लागले.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी काटोलला नात्यातल्या एका लग्नात परदेशाहून आलेल्या पाहुण्यानं झटपट फोटोचा कॅमेरा आणला होता. बटण दाबलं की पुढून कागद बाहेर येई आणि हातातल्या हातात माणूस उमटे. त्यानं मंडपात बाबांचा फोटो काढला. कागद आधी कोरा, मग हिरवट, मग त्यात बाबांची टोपी आली, मिश्या आल्या. भोवती पन्नास माणसं जमली. बाबांनी तो फोटो आभाळाकडे धरला, बोटानं चाचपला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं मला विचारलं, "सोडा हाये का वं कोनाजवळ?" मी हसू दाबलं. ओठ घट्ट मिटून. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग दुसरीकडे बघू लागले.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. तो झटपट फोटो आज नुसता पिवळा आहे, टोपी कुठं संपते आणि भिंत कुठं सुरू होते ते कळत नाही.

आईचं कापड ते हयात असेतो त्यांच्याच उशाशी असे, रविवारी उघडत. ते गेल्यावर मी ते पेटीत ठेवलं आणि वर्षानुवर्षं उघडलं नाही. दोघांना एकदम बघायची ताकद नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, आई ज्या वयात गेली त्याच्या दुप्पट माझं वय झालं होतं तेव्हा, एका मे महिन्यात पेटी साफ करायला काढली आणि घडी उलगडली. मांडीवर काळी भुकटी पडली.

केस झडले होते. सबंध भांगाच्या दोन्ही बाजूंना कापडच नव्हतं. डोळ्यांच्या जागी दोन छिद्रं, कुंकवाच्या जागी एक आणि ओठांच्या जागी एक बारीक चीर. गव्हाळ चेहरा मात्र धड होता. बाबांनी सांगितलं होतं, तरी मी त्यांच्यावर चिडले, नसलेल्या माणसावर मोठ्यानं चिडले. मग पेन्सिल घेतली. पाठ होईन म्हणाले होते ना? पंधरा-वीस कागद खराब केले. एकही तिच्यासारखा झाला नाही. माझ्या हाताला खाली रेघ लागते आणि खालची रेघ भुकटी होऊन माझ्या लुगड्यावर सांडली होती. चेहरा मला पाठ नव्हता, एवढं त्या दिवशी कळलं.

ते कापड परत घडी करायची हिंमत होईना. दोन्ही हातांनी धरून मी दारात आले. दुपारचं ऊन समोरून येत होतं आणि ते त्या छिद्रांतून आरपार माझ्या छातीवर, पदरावर पडलं. मी खाली पाहिलं. माझ्या पदरावर उन्हाचे केस होते.

जिथं काळं होतं तिथूनच ऊन येत होतं. आणि ऊन लागलं तिथं निळं होतं, हे मला ब्ल्यूप्रिंटवाल्या काकांनी वीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं.

औषध घरात होतं. बाबांच्या कापडाचा शेवटचा तुकडा होता. या वेळी तेल लावलं नाही. तसबिरीची तीच काच, गल्लीतली तीच जागा, फक्त ताणे आता कुणी पसरत नव्हतं. मी छत्री घेऊन शेजारी बसून राहिले. तास झाला. वर आणखी एक तास मी नुसती बसले, सगळं सावलीत नेऊन, काच गार होईपर्यंत. मग आईचं जुनं कापड अलगद उचललं. ते निघालं, न फाटता.

पाण्यात टाकलं. केस आले, गर्द निळे. कुंकू आलं. दोन डोळे आले, जरासे बाजूला बघणारे. सगळ्यात शेवटी ती ओठांची मिटलेली रेघ आली. बाकी चेहरा नव्हताच, नुसतं पांढरं कापड होतं, पण दाबलेलं हसू होतं. अशीच होती का, हे विचारायला आता कुणी नव्हतं.

ओट्यावर बाबांचा सोड्याचा डबा होता. मी जुन्या सवयीनं त्याच्याकडे हात नेला आणि मागे घेतला. कच्ची तर कच्ची, राहू दे. ओलं कापड दोरीवर टांगून मी बाबा फोटोवाल्याच्या मागे उभे असतील तेवढ्या अंतरावर गेले, तिच्या नजरेच्या रेषेत उभी राहिले आणि तोंड वाकडं केलं.